चुकलेला डेटा मागे नेताना
(सातबारा ते डेटाबेस)

डीबीएमएसच्या व्हायव्हात एक प्रश्न हमखास येतो : "कमिट झाल्यावर रोलबॅक करता येतो का?" आपण 'नाही' म्हणतो, सर मान डोलावतात आणि विषय संपतो. पण एखाद्या सरांनी पुढे विचारलं, "मग चुकीचं कमिट झालं तर काय करायचं?" तर आपली दांडी गुल! हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा मराठीत कुठे अडखळले तर सांभाळून घ्या.

सातबारा हाही डेटाबेसच

मी श्रीरामपूरची. आमच्याकडे घरोघरी सातबारा हा शब्द पोरांना पाढ्यांच्या आधी कळतो. गाव नमुना ७ मध्ये जमीन कोणाच्या नावावर आहे ते असतं, नमुना १२ मध्ये पिकांची नोंद असते. म्हणजे सातबारा ही 'आजची स्थिती' झाली, आपल्या भाषेत टेबल.

पण ही स्थिती बदलली कशी? ते नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत असतं. खरेदी, वारस, वाटणी, कर्जाचा बोजा, प्रत्येक बदलाला क्रमांक मिळतो. तलाठी (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय) नोंद घेतात, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी मुदत असते आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. हेच कमिट! जुन्या मालकाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक येतो.

डेटाबेसमध्येही असेच दोन भाग असतात. टेबल म्हणजे सातबारा आणि लॉग म्हणजे फेरफार. पोस्टग्रेसमध्ये त्याला वॉल म्हणतात, ओरॅकलमध्ये रिडू लॉग, मायएसक्यूएलमध्ये या कामासाठी बायनरी लॉग वापरतात. बदल टेबलच्या फाइलमध्ये पोचण्याआधी लॉगमध्ये लिहिला गेलाच पाहिजे, हा वॉलचा पहिला नियम. वीज गेली तरी कमिट झालेला व्यवहार टिकतो तो या नियमामुळे.

ठरावीक वेळेपर्यंत परत

याला पॉइंट इन टाइम रिकव्हरी म्हणतात. नाव भारदस्त आहे, कल्पना सोपी आहे :

१. चुकीच्या आधीचा पूर्ण बॅकअप घ्या आणि तो वेगळ्या मशीनवर उभा करा.
२. त्या बॅकअपनंतरचे सगळे लॉग क्रमाने लावा.
३. चूक होण्याच्या क्षणाआधी थांबा.

लक्षात घ्या, इथे डेटाबेस उलटा चालत नाही. तो जुन्या जागेवरून पुढे चालत येतो आणि आपण सांगू तिथे थांबतो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २००५ पासून आहे. मायएसक्यूएलमध्ये बायनरी लॉग वाचताना थांबायची वेळ किंवा लॉगमधली जागा देता येते. मात्र मधला एकच लॉग हरवला तर पुढचे सगळे निरुपयोगी, कारण साखळी तुटते.

आता आमच्या घरचं उदाहरण. हस्तलिखित सातबारा साधारण दहा वर्षांनी नव्याने लिहीत, त्याला पुनर्लेखन म्हणत. चालू नोंदी तेवढ्या नव्या कागदावर उतरायच्या. म्हणजे हा नवा पूर्ण बॅकअपच. अशा एका पुनर्लेखनात माझ्या वडिलांच्या आत्यांचं नाव उतरवायचं राहून गेलं. भावांची नावं उतरली, बहिणीचं नाही. पुढे संगणकावर तोच सातबारा चढला आणि चूक 'अधिकृत' झाली. आत्याआजींना अनेक वर्षं सांगण्यात आलं, "तुमचं नाव रेकॉर्डला नाही."

शेवटी जुनी फेरफार नोंदवही काढली. वारस नोंदीत त्यांचं नाव होतं. ते कमी करणारा एकही फेरफार नंतर सापडला नाही. ना हक्कसोडपत्र, ना वाटणी, ना विक्री. स्थिती बदलली होती, पण लॉगमध्ये त्याचं कारणच नव्हतं! हाच पुरावा ठरला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनातली चूक दुरुस्त करायचा आदेश झाला आणि त्याचा नवीन फेरफार पडला. मधल्या काळातला सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा मात्र तसाच राहिला, कारण तो खरा होता. एका नावासाठी सगळा सातबारा पुनर्लेखनाच्या दिवसावर नेला असता, तर ते कर्जही कागदावरून नाहीसं झालं असतं.

मेसचा हिशोब

हाच मुद्दा हॉस्टेलच्या भाषेत. समजा मेसच्या बाकीच्या टेबलवर दुपारी १२.१० ला कोणीतरी व्हेअर न लिहिता अपडेट चालवलं आणि सगळ्यांची बाकी शून्य झाली. (पोरं खूष, मेसवाले काका बेशुद्ध!) चूक २ वाजता कळली. दरम्यान ४० जणांनी पैसे भरले.

पूर्ण डेटाबेस १२.०९ वर नेला तर त्या ४० जणांचे पैसे गेले. मग काय करायचं? १२.०९ ची प्रत बाजूला उभी करा, चालू डेटाबेसला हात लावू नका. एकाची बाकी १२.०९ ला १,८५० रुपये होती आणि त्याने १ वाजता १,००० भरले. चालू टेबलमध्ये त्याची बाकी आता उणे १,००० दिसेल. तिथे नुसती जुनी १,८५० डकवली तर त्याचे हजार बुडाले. जुनी बाकी चालू आकड्यात मिळवायची : १,८५० उणे १,००० म्हणजे ८५०. हे बरोबर! आणि ही दुरुस्तीसुद्धा नवीन नोंद म्हणूनच करायची, कारण आणि वेळ लिहून.

जवळचा रस्ता : फ्लॅशबॅक

दर वेळी बॅकअप उभा करायची गरज नसते. ओरॅकलमध्ये ९आय आवृत्तीपासून फ्लॅशबॅक क्वेरी आहे. 'हे टेबल २० मिनिटांपूर्वी कसं होतं' असं थेट विचारता येतं. १०जी मध्ये पूर्ण टेबल मागे नेणं आणि ड्रॉप केलेलं टेबल रिसायकल बिनमधून काढणं या सोयी आल्या. पण फ्लॅशबॅक क्वेरी जुन्या किमती अनडूमधून वाचते, आणि तो किती वेळ ठेवायचा याची मूळ सेटिंग ९०० सेकंद, म्हणजे फक्त १५ मिनिटं! जागा असेल तर जुनं जास्त वेळही टिकतं, पण त्यावर विसंबू नका. ड्रॉप करताना पर्ज लिहिलं असेल, तर रिसायकल बिनमध्येही काही मिळणार नाही.

बॅकअप 'आहे' म्हणजे?

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या मोठ्या कंपनीत मुख्य डेटाबेसची सुमारे ३०० जीबीची डिरेक्टरी चुकून डिलीट झाली. रोजचा बॅकअप लागला आहे अशी सगळ्यांची समजूत होती, पण आवृत्ती जुळत नसल्याने तो होतच नव्हता. नशिबाने सुमारे सहा तासांपूर्वीची एक प्रत हाताशी होती, तिच्यावरून काम सुरू केलं. तेवढ्या सहा तासांचा डेटा कायमचा गेला.

धडा हा की परत उभा करून पाहिलेला बॅकअप तेवढा खरा. दुसरं, रेप्लिका म्हणजे बॅकअप नव्हे. मुख्य सर्व्हरवर डिलीट झालं की क्षणात तिथेही होतं.

पुसणं वेगळं, दुरुस्त करणं वेगळं

श्रीरामपूर तालुक्यात खंडकऱ्यांचा प्रश्न सगळ्यांना माहीत आहे. हरेगावच्या बेलापूर कंपनीसारख्या साखर कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या होत्या. १९६१ च्या सिलिंग कायद्यानंतर त्या सरकारकडे आणि मग १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. खंडकऱ्यांच्या पिढ्या लढल्या, कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१२ पासून जमीनवाटप सुरू झालं. पण मधली पन्नास वर्षं काही रोलबॅक झाली नाहीत. ती नोंदींमध्ये आहेत आणि असलीच पाहिजेत, कारण खंडकऱ्यांचा दावाच त्या जुन्या नोंदींवर उभा होता.

पोस्टग्रेसही हेच करतो. मागे जाऊन थांबलात की तिथून नवी टाइमलाइन सुरू होते, जुनी पुसली जात नाही.

तेव्हा मित्रांनो, प्रोजेक्टच्या डेटाबेससाठी तीन गोष्टी आजच करा. लॉग चालू आहे का ते बघा, बॅकअप वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि सबमिशनच्या आधी एकदा तरी तो लॅबमधल्या दुसऱ्या पीसीवर उभा करून बघा. अडलं तर लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये या, मेसची घंटा होईपर्यंत मी तिथेच असते!