आजाऱ्याला काय विचारावे?



अजिंठ्याची लेणी आपल्या सोयगाव तालुक्यातच आहेत. तेथील १६ क्रमांकाच्या लेण्यात ‘मरणासन्न राजकन्या’ नावाचे प्रसिद्ध चित्र आहे. राजकन्येची मान कलली आहे, एका दासीने तिला मागून आधार दिला आहे, दुसरी वारा घालते आहे. ही नंदाची पत्नी सुंदरी असावी, असे अभ्यासक मानतात. पतीने संसार सोडून भिक्षूचे व्रत घेतल्याचे कळताच ती कोसळली. नुसती नाडी पाहून तिचे दुखणे कळले नसते. तिच्या आयुष्यात काय घडले, हेही कळायला हवे होते.

अमेरिकेतील परिचारिका व प्राध्यापिका मार्गारेट न्यूमन (१९३३-२०१८) यांची शिकवण याच्या जवळची आहे. तरुणपणी त्यांनी आपल्या आजारी आईची काही वर्षे सेवा केली. आईचे स्नायू हळूहळू निकामी होत गेले. पण त्याच दिवसांत आई त्यांना खऱ्या अर्थाने उमगली. त्यानंतर त्या परिचर्येच्या शिक्षणाकडे वळल्या. १९८६ साली त्यांनी आपला सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. त्यातील तीन गोष्टी आपण समजून घेऊ.

१. आरोग्य आणि आजार एकमेकांचे शत्रू नाहीत. दोन्ही एकाच जीवनाचे भाग आहेत.

२. जाणीव म्हणजे भोवतालच्या माणसांशी व जगाशी देवाणघेवाण करण्याची क्षमता. शरीर खिळले तरी ती वाढू शकते.

३. परिचारिकेने रुग्णाला त्याच्या आयुष्यातील महत्त्वाची माणसे व प्रसंग विचारावेत. सांगता सांगता त्याला आपल्या जीवनाची घडण दिसू लागते आणि पुढची वाट सापडू शकते.

याचा अर्थ औषधोपचार सोडावेत, असा मुळीच नाही. आजार ही शिक्षा आहे किंवा रुग्णाचाच दोष आहे, असेही नाही. तसे बोलून आपण दुखणेकऱ्याला आणखी दुखावतो.

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण फळे नेतो, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ असे विचारतो आणि चार सल्ले देऊन उठतो. त्याचे मात्र ऐकायचे राहून जाते. या आठवड्यात एका तरी आजाऱ्याजवळ थोडा वेळ बसू या. त्याच्या गावाविषयी, माणसांविषयी, कामाविषयी विचारू या आणि तो बोलेल तेव्हा गप्प राहू या.

विचारासाठी प्रश्न : आपण आजारी होतो, तेव्हा आपले कोणी ऐकले होते?