फेफऱ्याचे औषध आणि वर्गातील पेंग

अपस्माराचे, म्हणजेच फेफऱ्याचे, औषध घेणारा एखादा विद्यार्थी पहिल्याच तासाला पेंगू लागतो. प्रश्न विचारला तर उत्तर उशिरा येते. त्याला आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या मेंदूत काय चालले आहे ते पाहू.

मेंदूतील चेतापेशी विद्युत्-संदेशांनी काम करतात. असंख्य पेशी एकाच वेळी बेसुमार संदेश सोडू लागल्या की झटका येतो. पेशींना आवरणारे ‘गाबा’ नावाचे रसायन मेंदूतच असते. त्याच्यामुळे पेशीच्या आवरणातील सूक्ष्म दारे उघडतात, ऋणभारित क्लोराइड आयन आत शिरतात आणि पेशी सहजासहजी उद्दीपित होत नाही. फेनोबार्बिटोन हे औषध ही दारे अधिक वेळ उघडी ठेवते. परंतु जागेपण, लक्ष व स्मरण सांभाळणाऱ्या पेशींनाही हाच लगाम बसतो. म्हणून गुंगी येते, विचार मंदावतो. काही मुले मात्र उलट चळवळी होतात.

आता थोडे गणित करू. प्रौढांच्या शरीरात या औषधाचे अर्धायुष्य सुमारे ४ दिवस असते. किरणोत्सारी पदार्थाप्रमाणेच दर ४ दिवसांनी ते निम्मे उरते. म्हणजे रोज साठ्याचा सुमारे १६ टक्के भाग नाहीसा होतो. रोज एक मात्रा घेतल्यास रोजची भर व रोजची घट सारखी होईपर्यंत साठा वाढतो. १०० ला १६ ने भागा : साठा सुमारे ६ मात्रांवर स्थिरावतो. त्याला साधारण ३ आठवडे लागतात. रात्रीची गोळी सकाळी का ‘उतरत’ नाही, हे यावरून कळेल. शरीराला सवय झाली की सुरुवातीची पेंग बहुधा कमी होते.

मग झटका थांबवायचा तर गुंगी सोसलीच पाहिजे काय? तसे नाही. फेनोबार्बिटोन हे मुळात झोपेचे औषध. १९१२ साली जर्मनीत हाउप्टमान यांनी ते अपस्मारावर वापरले. पुढे १९३८ साली अमेरिकेत मेरिट व पटनम यांनी फेनिटॉइन वापरून दाखवून दिले की, फारशी झोप न आणताही झटके रोखता येतात. हे औषध पेशींच्या सोडियमच्या दारांवर काम करते. आज लॅमोट्रिजिनसारखी कमी गुंगी आणणारी औषधेही मिळतात.

मात्र पेंग येते म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणे धोक्याचे आहे. लगाम एकाएकी सुटला तर लागोपाठ झटके येऊन जीवावर बेतू शकते. अपुरी झोपही झटक्याला निमंत्रण देते. मात्रा, वेळ किंवा औषध बदलणे हे डॉक्टरांचे काम. शिक्षकांनी मूल केव्हा पेंगते, केव्हा क्षणभर शून्यात पाहते, हे टिपून पालकांना सांगावे. कारण ते शून्यात पाहणे हा लहानसा झटकाही असू शकतो.