वॅट वाढवण्याआधी

लेस्टर

चि. ओंकार यास,


तुझा निरोप आणि फोटो मिळाले. ई-सिगारेटच्या नव्या टाकीत स्वतः कॉइल बसवलीस, कापूस भरलास, पण बटण दाबल्यावर दोन-तीन सेकंद नुसती हवाच येते आणि झुरका संपत आला की मग वाफ सुटते. म्हणून तू ४० वॅटवरून ७० वर गेलास आणि आता विचारतोस, अजून किती वाढवू? वाढवू नकोस. आधी परत ४० वर ये.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. तू सिगारेट ओढत नसतास, तर हे पत्र दोन ओळींत संपलं असतं: ते यंत्र टाकून दे. पण याच्या जोरावर तुझी सिगारेट सुटली आहे, माझीही अशीच सुटली. ताईला हे पटत नाही आणि तिचं चुकतंय असंही मी म्हणणार नाही. तरीही अर्धवट चालणारं यंत्र हातात असलं की माणूस कंटाळून पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानात पाकीट मागायला जातो, म्हणून एवढं लिहितोय.

फोटोत दिसतात त्या दोन जाड क्लॅप्टन कॉइली आहेत, म्हणजे मधल्या तारेवर दुसरी बारीक तार गुंडाळलेली. वीज जवळजवळ सगळी मधल्या तारेतूनच जाते. वरचं वेटोळं स्वतः फारसं तापत नाही, आतल्या तारेकडून उष्णता उसनी घेतं. त्याच्या खाचांत लिक्विड भरपूर धरून राहतं, म्हणून वाफ दाट मिळते आणि चवही चांगली लागते. पण बिडाचा तवा जसा तापायला वेळ घेतो, तसंच हे. आधी सगळा धातू तापणार, मग त्याला चिकटलेलं लिक्विड, आणि त्यानंतर वाफ.

किती वेळ, त्याचा हिशेब करून बघ. साध्या कँथल तारेची १ ओहमची कॉइल घे. २८ गेजची तार ०.३२ मिलिमीटर जाड असते. तिची साधारण साडेपाच सेंटिमीटर लागते आणि वजन भरतं ३० मिलिग्रॅमच्या आसपास. २४ गेजची तार ०.५१ मिलिमीटरची. तेवढ्याच १ ओहमसाठी ती १४ सेंटिमीटर घ्यावी लागते आणि वजन जातं २०० मिलिग्रॅमवर. जाडी १.६ पट, धातू मात्र सहापटीहून जास्त. कारण रोध तेवढाच ठेवायचा तर जाड तार लांबही घ्यावी लागते, म्हणून धातू जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १५ वॅटवर तापमान २०० अंशांनी वाढायला बारीक कॉइलला सेकंदाचा पाचवा भाग पुरतो, जाडीला सव्वा सेकंद लागतो. यात लिक्विड तापवायचा वेळ धरलेलाच नाही. त्यातून तुझं लिक्विड बहुतांश ग्लिसरीनचं. प्रॉपिलीन ग्लायकॉल १८८ अंशांना उकळतं, ग्लिसरीन २९० ला. आणि तू एकाऐवजी दोन कॉइली लावल्या आहेत. तीच तार वापरून एकूण रोध तेवढाच ठेवायचा, तर दोन कॉइलींत मिळून चौपट धातू लागतो. मग वाफ उशिरा येते याचं नवल कसलं?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. क्लॅप्टन काढून ठेव आणि साध्या २६ गेज निक्रोम तारेची एकच कॉइल बसव. रोध तोच ठेवलास तर निक्रोमची लांबी कँथलपेक्षा जास्त लागेल, पण २६ गेज मुळातच बारीक आहे, एकूण धातू तुझ्या आताच्या जोडीपेक्षा कितीतरी कमी भरेल. ढग थोडे लहान होतील. ढग दाखवायला तू सिगारेट सोडली नव्हतीस. आणि तुझ्या मॉडमध्ये, म्हणजे बॅटरी आणि बटण असलेल्या डब्यात, सुरुवातीला क्षणभर जास्त वॅट देणाऱ्या प्रीहीटची सोय असेल, तर पहिल्या अर्ध्या सेकंदापुरती ती चालू करून बघायला हरकत नाही.

पण कॉइल बदलायच्या आधी स्क्रू बघ. कॉइल थंड असताना पडद्यावरचा ओहमचा आकडा वाच, टाकी काढून पुन्हा बसव, पुन्हा वाच. आकडा दर वेळी वेगळा आला, तर कॉइलचे पाय स्क्रूखाली नीट दाबले गेलेले नाहीत किंवा टाकीच्या तळाच्या आट्यांत लिक्विड साचलंय. स्क्रू घट्ट कर, पण पिळू नकोस, बारीक तार त्याखाली तुटते. आटे आणि मधली पिन कोरड्या कापसाने पूस. कापलेल्या पायांची टोकं खालच्या धातूला कुठे टेकत नाहीत ना, तेही बघ.

मग कापूस पूर्ण काढ आणि १५ वॅटवर बटण क्षणभर दाबून सोड, पुन्हा दाब. कॉइल मधोमध लाल व्हायला लागली पाहिजे आणि लाली दोन्ही बाजूंना सारखी पसरली पाहिजे. कडेचा एखादाच वेढा आधी पेटला, तर बटण सोडून सिरॅमिकच्या चिमट्याने वेढे हलके दाबून सारखे कर. पायच आधी तापत असतील, तर ते फार लांब ठेवले आहेस किंवा स्क्रू सैल आहे. लालबुंद होईपर्यंत बटण दाबून धरू नकोस. आणि कापूस आत असताना हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

कापसाबद्दल नवखे हमखास गडबड करतात, आणि तीही दोन उलट प्रकारची. वात कॉइलमधून ओढताना किंचित अडली पाहिजे, पण कॉइल तिच्याबरोबर वाकता कामा नये. फार घट्ट भरलीस तर लिक्विड पोचत नाही, घशाला करपट लागतं. आणि कमी भरलीस किंवा टोकं फारच विरळ केलीस, तर आत लिक्विडचा पूर येतो, गुडगुड आवाज होतो आणि कॉइल आधी त्या डबक्याला तापवत बसते. उशिरा वाफ येण्याचं हेही एक कारण. गोडसर लिक्विड वापरत असशील, तर काही दिवसांत कॉइलवर काळा थर चढतो आणि त्याने उष्णता अडते. कापूस काढून थर जाळून टाक, गार झाल्यावर पाण्याखाली बारीक ब्रश फिरव, वाळव, नवा कापूस घाल. हवेची भोकंही सगळी उघडी ठेवू नकोस. कमी वॅटवर एवढी हवा कॉइलला गारच करते.

आता बॅटरीचं. एकाच १८६५० बॅटरीवर ७० वॅट मागितलेस आणि ती उतरत ३.२ व्होल्टवर आली, तर तिच्यातून २२ अँपियर ओढले जातात. मॉडमध्ये वाया जाणारी ऊर्जा धरली तर त्याहून जास्त. चांगल्या बॅटऱ्या सतत २० ते २५ अँपियर देऊ शकतात, त्यापलीकडचे आकडे वेष्टणावर छापलेले असले तरी मानू नकोस. जुनी बॅटरी तेवढंही देत नाही. पूर्ण चार्ज असताना वाफ लगेच येते आणि अर्धी उतरल्यावर रेंगाळते, असं होत असेल तर दोष कॉइलचा नाही, बॅटरी बदल. वेष्टण कुठे फाटलेलं दिसलं तर ती बॅटरी आजच बाजूला काढ. सुटी बॅटरी नाण्या-किल्ल्यांबरोबर खिशात टाकायची नाही. पेटून मांडी भाजल्याच्या घटना झालेल्या आहेत.

वाफ लवकर यायला लागली की निकोटिनही जास्त जाईल. आता जे लिक्विड वापरतोस त्यापेक्षा कमी ताकदीचं घे आणि हळूहळू शून्याकडे जा. इथल्या ब्रिटिश कायद्यात २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ही कमाल मर्यादा आहे, ते तुझं उद्दिष्ट नव्हे.

आणि दिवाळीला पुण्याला जाशील, तेव्हाचं आत्ताच लिहून ठेवतो. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री, साठवण सगळंच बंद आहे. आयातीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्वतःपुरतं आहे हे कारण विमानतळावर पुढे करत बसू नकोस. मॉड, बॅटऱ्या, लिक्विड, सगळं तुझ्या मँचेस्टरच्या खोलीत ठेवून जा.

तुझा,
मामा