विष की आजार?

१९८९ साली अमेरिकेतील मिसूरी राज्यात उलट्या होऊन व धाप लागून एक तान्हे बाळ दगावले. रक्तात इथिलीन ग्लायकॉल, म्हणजे मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते विषारी द्रव्य, असल्याचा अहवाल आला आणि १९९१ मध्ये आईला जन्मठेप झाली. मात्र ती कैदेत असताना जन्मलेल्या दुसऱ्या मुलाला मिथाइलमलोनिक ॲसिडीमिया हा आनुवंशिक विकार निघाला होता.

डॉ. विल्यम स्लाय व जेम्स शूमेकर यांनी पहिल्या बाळाचे रक्त मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासले. या यंत्रात पदार्थाच्या वाफेवर निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनांचा मारा करतात. जोर साधारण ७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. त्याने रेणू फुटतात. मडके दर वेळी वेगळे फुटते, रेणूचे तसे नाही. कोणत्या वजनाचे तुकडे किती प्रमाणात पडणार हे ठरलेले असते. त्यावरून मूळ रेणू ओळखतात. इथे तुकडे मिळाले ते प्रोपिऑनिक आम्लाचे. या विकारात ते शरीरातच साठते! आधीच्या साध्या तपासणीत दोहोंची खूण जवळजवळ एकाच जागी आल्याने घोटाळा झाला होता. १९९१ मध्येच आई सुटली.

आपल्याकडेही मोठ्या शहरांत लघवीवर ही तपासणी होते. बाळ दूध ओढेनासे झाले, मलूल पडले, जोरात श्वास घेऊ लागले तर ताबडतोब दवाखान्यात न्या. आधीचे मूल असेच गेले असेल तर तेही सांगा. माझा अनुभव असा, की घरची मंडळी नेमका तोच विषय टाळतात.