धूर कुणाच्या खाती मांडायचा

मुळशीतल्या कातकरी आदिवासींच्या वाड्यांची उत्सर्जन सूची करायचं काम तू अंगावर घेतलंस, बरं केलंस. पण फोनवर पहिलाच प्रश्न काय, तर "आत्या, यंत्र कुठलं घेऊ?" अगं, यंत्राचं मागाहून बघू. हवेत काय आहे ते यंत्र सांगतं. ते कुणी सोडलं, ते सूची सांगते. तिला लागतो वजनकाटा, वही आणि लोकांच्या ओट्यावर बूड टेकून बसायची तयारी. गणित सोपं आहे. वर्षभरात जळलं किती त्याचं वजन, गुणिले एक किलो जळल्यावर किती घाण हवेत जाते तो गुणांक. समज, वाडीत 30 घरं, घरटी रोज 5 किलो लाकूड. वर्षाचं झालं साधारण 55 टन. किलोमागे 5 ग्रॅम बारीक कण धरलेस तर पावणेतीनशे किलो. गुणाकार सातवीतलं पोरही करील. ते 5 किलो खरे आहेत का, तिथे सगळं काम आहे.

म्हणून वाडीवर जाण्याआधी पुण्यात, कसब्यात ये आणि आपल्या पेठेत हात बसव. तांबट आळीत जा. "तुमच्या भट्टीतून धूर किती निघतो?" असं विचारलंस तर समोरचा हातोडी खाली ठेवेल आणि तुला वाटेला लावेल. "पत्रा तापवायला कोळसा काय वापरता, पोतं किती दिवस पुरतं, दिवाळीच्या आधी जास्त लागतो का?" असं विचार. माणसाला आपला धूर माहीत नसतो, आपला खर्च मात्र पाठ असतो. आणि तिथेच पाणी तापवायच्या बंबाकडे बघ. आळीत घडलेले तांब्याचे बंब एके काळी वाड्यावाड्यांत होते; त्यांत लाकडाचे छिलपे, करवंट्या, जुन्या खिडक्यांच्या पट्ट्या, हाताला येईल ते जायचं. "स्वयंपाक कशावर करता?" एवढंच विचारणारा माणूस गॅस लिहून मोकळा होतो आणि आंघोळीचं पाणी निसटतं. कातकरी वाडीतही पाणी तापवायची तीन दगडांची चूल बहुतेक घराबाहेर असते. तिची वेगळी ओळ कर.

आधारवर्ष निवडताना गडबडू नकोस. भुयारी मेट्रोचं काम चालू असतानाची कसब्याची धूळ आणि 29 सप्टेंबर 2024 ला स्टेशन सुरू झाल्यानंतरची धूळ एका मापाने मोजता येईल का? 2020 तर घेऊच नकोस, टाळेबंदीत अर्धं जग घरी होतं.

जुनं काम वाचल्याशिवाय नवं मांडू नये. वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात पुण्याची सूची केली. सहाही शहरांचा एकत्रित अहवाल 2011 मध्ये आला. आपल्याकडच्या वाहनांचे गुणांकही त्यांनीच काढले आहेत. त्या अहवालातले आकडे आता शिळे झालेत, पण बेकऱ्या, हॉटेलं, जनरेटर, स्मशानं कशी पकडायची ती रीत शिकण्यासारखी आहे. चुलीसाठी मात्र अमेरिकेच्या तक्त्यातला गुणांक उचलू नकोस. तिकडची बंद शेगडी आणि आपल्याकडे ओल्या ऐनाचं लाकूड फुंकत बसलेली बाई, यांचा धूर एक कसा असेल? भारतातल्या चुलींवर मोजलेले गुणांक छापलेले आहेत, ते घे आणि कुठून घेतलेस ते त्याच ओळीत लिही.

आता हद्द. अमेरिकेत 1998 च्या नियमाने आदिवासी जमातींना आपल्या हवेचा कारभार राज्यांसारखा स्वतः बघता येऊ लागला, आणि पुष्कळांनी आपापल्या सूच्या केल्या. त्यांच्या राखीव प्रदेशाला नकाशावर रेघ असते. आपली कातकरी वाडी महसुली गावाच्या पोटात, पुष्कळदा दुसऱ्याच्या जमिनीवर. पुणे जिल्ह्यातलं अनुसूचित क्षेत्र आंबेगाव-जुन्नरकडे. मुळशीला तेही नाही. मग रेघ तुलाच मारायची आहे, आणि माझं ऐकशील तर घरांभोवती मारू नकोस.

कारण ही माणसं वर्षभर घरी नसतातच. दिवाळीनंतर मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायला बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तू जानेवारीत गेलीस तर निम्म्या दारांना कुलूप. घरांभोवती रेघ मारून सूची केलीस तर वाडीच्या नावावर फक्त चुली राहतील, भट्टी दुसऱ्या तालुक्याच्या कागदावर जाईल. मग कुणीतरी तुझाच तक्ता दाखवून म्हणेल, बघा, आदिवासीच धूर करतात, चुली बदला म्हणजे झालं. म्हणून दोन रकाने ठेव. एक वाडीतल्या धुराचा. दुसरा, जिथे ही माणसं अर्धं वर्ष राहतात तिथल्या भट्टीचा, मालकाच्या खाती. भट्टी किती लाख विटांची, दगडी कोळसा, तूस, लाकूड यांतलं काय आणि किती लावलं, हे विटा थापणाऱ्यांना मालकाइतकंच ठाऊक असतं. दोन्ही रकान्यांची बेरीज करू नकोस, शेजारी शेजारी छाप. या एका गोष्टीवर कुणी कितीही समजावलं तरी मागे हटू नकोस.

सिलिंडर आहे का, असंही विचारू नकोस. 2016 च्या उज्ज्वला योजनेपासून तो पुष्कळ घरांत कोपऱ्यात दिसेल. शेवटचा कधी भरून आणला ते विचार. विकायला नेलेल्या मोळ्या वेगळ्या लिही, त्या बाजारगावी कुणाच्या तरी चुलीत जळतात. शेतातलं राब भाजणं मार्च ते मेमध्ये स्वतः जाऊन बघ. शेण, कवळ, पालापाचोळा, वर मातीचा थर. ते उघड्यावर भडकत नाही, धुमसतं, म्हणून शेतातला कचरा जाळण्याचा गुणांक त्याला डोळे झाकून लावता येत नाही. शेत कुणाचं, तेही विचार. भाजणारा हात कातकऱ्याचा आणि जमीन भलत्याचीच, असं निघेल.

लाकडाचं बोलणं निघालं की लोक गप्प होतात. त्यांना तू वनखात्याची वाटतेस. आधी वाडीची बैठक घे, आकडे कशाला हवेत ते सांग. लाकूड कुठल्या जंगलातलं, कुणी तोडलं, हे कागदावर येताच कामा नये. सूचीला फक्त वजन लागतं. नावं नकोत, घरांना आकडे दे. आणि ज्या घराने सांगितलं नाही तिथे शून्य टाकू नकोस, "माहिती नाही" लिही. शून्य टाकलंस की बेरजेत ते घर बिनधुराचं होऊन बसतं.

काटा बोहरी आळीतून घे, हुकाचा, 50 किलोपर्यंतचा, आणि घेतानाच 5 किलोच्या वजनाने तपासून घे. आदल्या संध्याकाळी घरातल्या बाईला विचारून लाकडाचा ढीग वेगळा काढ, चूल पेटायच्या आत तोल, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला उरलेलं तोल. पाहुणे आले होते का, ते विचार. मग हेच सगळं पुन्हा आषाढात कर. लाकूड ओलं असतं, शेकायलाही लागतं, आणि तेव्हा सगळे घरी असतात.