बाकल्याचे दाणे आणि दहा दिवसांची परीक्षा

शास्त्रवाचन: २ शमुवेल १७:२७-२९, दानीएल १:८-१६



गेल्या वर्षी एका हितचिंतकांनी धाराशिवच्या आपल्या कामासाठी बाकल्याचे बी पाठवले होते. पारधी वस्तीतील लेकरांना पोटभर आणि सकस अन्न मिळावे, ही त्यांची तळमळ होती. त्या बियाण्याचे पुढे काय झाले, हे तुम्हांला सांगणे मला लागते. त्यातून मी जे शिकलो तोच आजचा पाठ आहे.

बाकला म्हणजे काय?

बाकला हे घेवड्याच्या दाण्याहून मोठ्या दाण्याचे, थंडीत येणारे कडधान्य आहे. बिहार, उत्तर प्रदेश आणि मणिपूरकडे ते पिकते. इजिप्तमध्ये रात्रभर मंद आचेवर शिजवलेल्या या दाण्यांना 'फूल' म्हणतात आणि गरीब-श्रीमंत सगळे ते न्याहारीला खातात. आपल्या मंडळीतील जे आखाती देशांत नोकरीला आहेत, त्यांनी ते चाखले असेल. पवित्र शास्त्रातही ते आहे. दावीद राजा पळून महनाइमास आला, तेव्हा बर्जिल्लय व त्याच्या सोबत्यांनी थकल्याभागल्या लोकांसाठी जे धान्य आणले, त्यात मसुरीबरोबर या शेंगांचे दाणेही होते.

त्याचे गुण मोठे आहेत. वाळलेल्या दाण्यात साधारण चौथा हिस्सा प्रथिने असतात. मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र जमिनीत बांधतात, म्हणून पुढच्या पिकाला खत कमी लागते. २०२३ मध्ये या पिकाचा संपूर्ण जनुकीय आराखडा शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केला; तो माणसाच्या आराखड्याच्या चौपटीहून मोठा निघाला.

आजीचा प्रश्न

बियाण्याची पिशवी घेऊन मी वस्तीवर गेलो. सगळ्यांनी दाणे हातात घेऊन पाहिले. एका आजीने मात्र सरळ विचारले, "दादा, ह्ये तुमी आदी खाल्लंय का? लेकराला बाधलं तर दवाखान्याला कोन नेनार?"

मला उत्तर देता आले नाही. मी पिशवी परत आणली आणि वाचायला बसलो.

आजीची शंका खरी होती. बाकल्यात व्हायसिन आणि कॉनव्हायसिन ही द्रव्ये असतात. काही माणसांच्या रक्तपेशींत जी-६-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा माणसाने बाकला खाल्ला तर एक-दोन दिवसांत तांबड्या पेशी फुटू शकतात: अंग पांढरे पडते, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. लहान मुलांच्या तर जिवावर बेतू शकते. हा दोष मुलग्यांना आईकडून येतो आणि त्यांच्यातच अधिक दिसतो. जगात सुमारे ४० कोटी लोकांत तो आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे तो जास्त आढळतो. भारतातील वेगवेगळ्या जाती-जमातींत त्याचे प्रमाण शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत असल्याचे मुंबईच्या संशोधकांनी नोंदवले आहे. दाणे भिजवून, शिजवून ही द्रव्ये कमी होतात, पण पुरती जात नाहीत. ती अगदी कमी असलेली वाणे आता तयार झाली आहेत. आमच्या पिशवीतले बी तसे होते की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते.

ज्यांना दवाखाना दूर आहे आणि मजुरी बुडवून तिथे जावे लागते, त्यांच्या ताटात हे अन्न तपासणीशिवाय वाढणे ही सेवा झाली नसती.

शेतातली परीक्षा

थोडे बी आम्ही आवारात दोन ओळींत पेरून पाहिले. थंडीत झाडे जोमाने वाढली, फुलेही भरपूर आली. मग फेब्रुवारीचे ऊन तापले आणि फुले गळू लागली. शेंगा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या. या पिकाला फुलोऱ्यात गारवा लागतो आणि आपल्याकडची थंडी तेवढी टिकत नाही.

आपल्या मातीतले उत्तर

मग आम्ही आजीलाच विचारले, "तुम्ही काय खात होता?" ती म्हणाली, "हुलग्याचं माडगं, शेंगोळं, तुरीच्या घुगऱ्या." बाकल्यात जे आम्ही शोधत होतो, ते या दाण्यांतही आहे. प्रथिने जवळपास तेवढीच, मुळांवरच्या गाठी तशाच. हुलगा तर हलक्या जमिनीत आणि थोड्या पावसावर येतो. ज्वारीत लायसिन कमी असते, ते कडधान्यात भरपूर. कडधान्यात जे कमी, ते ज्वारी भरून काढते. म्हणून भाकरी-आमटीची आपली जोडी शास्त्रालाही मान्य आहे.

संशोधनही जवळच आहे. जालना जिल्ह्यातील बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने २०१२ मध्ये दिलेला तुरीचा 'बीडीएन-७११' हा पांढऱ्या दाण्याचा वाण साधारण १५० दिवसांत येतो, म्हणून पाऊस लवकर उघडला तरी हाती काही लागते. पेरणीआधी १० किलो बियाण्यास २५० ग्रॅम रायझोबियम चोळावे, म्हणजे मुळांवर गाठी चांगल्या धरतात. ज्यांच्याकडे घरामागे जागेचा तुकडा आहे, त्या कुटुंबांना आम्ही या पावसाळ्यात तूर आणि हुलग्याचे बी दिले. ज्यांना जमीनच नाही, त्यांचा प्रश्न याने सुटत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

पाठ

दानीएलाने राजवाड्यात शाकान्न मागितले, तेव्हा आपलेच खरे असा हट्ट धरला नाही. दहा दिवस पाहा, मग ठरवा, असे तो कारभाऱ्याला म्हणाला. त्याने परीक्षेला स्वतःचे शरीर पुढे केले. आम्ही मात्र दुसऱ्याच्या लेकरांवर परीक्षा करायला निघालो होतो. देणाऱ्याचा हात उदार असावा, पण घेणाऱ्याचे ऐकण्याइतका तो सावकाशही असावा.

बी पाठवणाऱ्या बंधूंना मी सर्व कळवले. त्यांनी आनंदाने पुढची मदत तुरीच्या बियाण्यासाठी दिली.

मनन व प्रार्थनेसाठी

१. आपण देतो ते दान घेणाऱ्याला विचारून देतो का?
२. वस्तीवरील मुलांच्या आरोग्यासाठी आणि भूमिहीन कुटुंबांसाठी प्रार्थना करा.
३. शहाणपणाने प्रश्न विचारणाऱ्या त्या आजीसाठी देवाचे आभार माना.