फोटो फ्रेममध्ये बसवताना चेहरा बदलू नये : गुणोत्तराचा एक पाठ



गुणोत्तर-प्रमाण हा घटक मुलं सहावीत शिकतात. गणितं सुटतात, मार्कही पडतात, पण "सर, याचा उपयोग काय?" असं कुणी विचारलं की आपण वह्या-पेनांच्या किमतींकडे वळतो. किल्लारी परिसरात याहून जवळचं उदाहरण आहे : भिंतीवरची तसबीर.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनानंतर काही तासांतच, इथे भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. दगडमातीची घरं कोसळली, तिथे पेट्या-ट्रंकांतले फोटो कुठून वाचणार? अशा वेळी गेलेल्या माणसाचा एखादाच लहान फोटो हाती असतो. पासपोर्ट आकाराचा, नाहीतर कुणाच्या लग्नातल्या ग्रुपमधला. त्यावरूनच मोठी तसबीर करावी लागते. आज शाळेत असलेल्या मुलांनी ती आजी पाहिलेली नाही. त्यांच्यासाठी तसबिरीतला चेहरा हाच आजीचा चेहरा. म्हणून फोटो मोठा करताना गणित नीट हवं.

गणित काय आहे?

पासपोर्ट फोटो ३.५ × ४.५ सेंमी असतो. रुंदी : उंची = ७ : ९. आपण ८ × १२ इंची उभी फ्रेम आणली. तिचं गुणोत्तर २ : ३. दोन्ही गुणोत्तरं सारखी नाहीत, म्हणून फोटो जसाच्या तसा बसणार नाही. रुंदी ८ इंच धरली तर उंची ८ × ९ ÷ ७, म्हणजे सुमारे १०.३ इंच येते. फ्रेमची उंची १२. उरलेल्या १.७ इंचाचं काय करायचं? मार्ग चार :

१. ताणणे. फोटो ओढून १२ इंच केला. जागा भरली, पण चेहरा सहाव्या हिश्श्यानं लांब झाला. ओळखायची सोपी खूण : कपाळावरचं गोल कुंकू लंबगोल दिसतं. हा मार्ग कधीच घ्यायचा नाही. संगणकावर आकार बदलताना 'प्रमाण कायम ठेवा' ही खूण किंवा कुलपाचं चिन्ह चालू ठेवा.

२. कापणे. उंची १२ केली तर रुंदी ९.३ इंच होते. दोन्ही बाजूंचं मिळून १.३ इंच कापावं लागतं. एकट्या माणसाच्या फोटोत कडेला मोकळी जागा असेल तर चालतं. ग्रुप फोटोत मात्र काठावर कोण उभं आहे ते आधी बघा.

३. पट्टी सोडणे. फोटो ८ × १०.३ ठेवून वर-खाली साधारण ०.८५ इंच पांढरी पट्टी सोडायची. काहीच कापलं जात नाही, काहीच ताणलं जात नाही.

४. फ्रेमच मापाची करणे. फ्रेमवाला पट्टी मापानं कापून देतो. फोटोचं माप त्याला आधी सांगा.

स्पष्टपणाचं काय?

लहान फोटो मोबाइलनं टिपण्यापेक्षा स्कॅन केलेला बरा. ३.५ सेंमी म्हणजे सुमारे १.३८ इंच. १२०० डीपीआयवर स्कॅन केला तर रुंदीत सुमारे १६५० पिक्सेल मिळतात. ८ इंचांत वाटले तर इंचाला २०६. भिंतीवरच्या फोटोला एवढे पुरतात. ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर इंचाला जेमतेम ५२ येतात आणि चेहरा धूसर दिसतो. स्टुडिओला फाइल व्हॉट्सॲपवर पाठवायची असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. नाहीतर ती लहान होऊन जाते.

चेहरा 'स्वच्छ' करून देणाऱ्या ॲपपासून सावध राहा. मूळ फोटोत नसलेले डोळे-ओठ ते अंदाजानं भरतं. फोटो चकचकीत होतो, पण माणूस दुसराच वाटू शकतो. ज्यांनी त्या व्यक्तीला पाहिलंय, अशा घरातल्या मोठ्यांना दाखवूनच छपाईला द्या.

वर्गात करून घ्या

आलेख कागदावर ७ × ९ चौकटींचा आयत काढून त्यात कंपासनं वर्तुळ काढायला सांगा. मग रुंदी तीच ठेवून उंची १०.५ करा आणि वर्तुळाचे बिंदू त्याच हिशेबानं वर सरकवा. वर्तुळाचं काय झालं, हे मुलं स्वतः सांगतील. दहावीत 'समरूपता' येईल, तेव्हा हे चित्र आठवेल.

सरावासाठी : मोबाइलमधला फोटो ४००० × ३००० पिक्सेल आहे. तो ६ × ४ इंची आडव्या फ्रेमसाठी कापायचा, तर उंचीतले किती पिक्सेल जातील? (उत्तर : सुमारे ३३३)

आणि पालकांनो, एक काम घरी करा. मूळ फोटो परत जपून ठेवा, फ्रेममागच्या पुठ्ठ्यावर त्या माणसाचं नाव आणि नातं लिहा. लिहिताना मुलाला शेजारी बसवा. नाव लिहिता लिहिता त्या माणसाबद्दल दोन गोष्टी आपोआप सांगितल्या जातील.